थोरल्या आईच्या ओव्या
(कळसारोहण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे, लेखकही नव्हे. तहसील कचेरीतील एक कारकून आहे आणि शिक्षण म्हणाल तर दहावीपर्यंतचे. अक्षर बरे आहे, एवढ्या एका गुणावर समितीने देणगीदारांची यादी उतरून काढण्याचे काम माझ्याकडे सोपविले. ती यादी लिहिता लिहिताच आजचा विषय मला सुचला, म्हणून प्रथम त्या यादीबद्दल बोलतो.

यादीत पुरुष मंडळींची नावे भरपूर आहेत आणि ती असावयासच हवीत. त्यांच्या घामाचा पैसा या दगडांत आहे. 'कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ' दिलेल्या देणग्याही पुष्कळ आहेत. परंतु आईच्या किंवा आजीच्या स्मरणार्थ ज्यांनी दिले, त्यांतील बहुतेकांनी चिठ्ठीवर नुसते 'मातोश्रींच्या स्मरणार्थ' एवढेच लिहिले होते. मी एकेकाला फोन करून विचारू लागलो, "दादा, मातोश्रींचे नाव काय छापू?" आईचे नाव सर्वांनी तत्काळ सांगितले. आजीचे नाव विचारले की मात्र पलीकडे शांतता. एका देणगीदाराने थोरल्या भावाला विचारले, भावाने आत्याला विचारले, आणि दुसऱ्या दिवशी मला नाव कळविले. तो गृहस्थ मोठा प्रेमळ आहे, आजीच्या आठवणीने त्याचा गळा भरून आला होता. फक्त तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते. कारण घरात ती 'म्हातारी' होती, 'बय' होती, 'थोरली आई' होती.

आम्ही नातवंडेही आमच्या आजीला थोरली आईच म्हणत असू. तिचे खरे नाव या स्मरणिकेच्या यादीत छापले आहे, तेथे ते अवश्य वाचावे. येथे मी तिला थोरली आईच म्हणणार, कारण दुसरे काही म्हटले तर माझी जीभ अडखळेल.

आता कचेरीची एक गोष्ट सांगतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचे काम सर्व तहसील कचेऱ्यांतून निघाले, हे आपणा सर्वांस माहीत आहेच. त्या विषयावर मला येथे काही बोलावयाचे नाही. पण त्या कामासाठी अभिलेख कक्षातील जुनी कोतवाल बुके, म्हणजे जन्म-मृत्यूची रजिस्टरे, फडक्यातून बाहेर निघाली. मोडी वाचणारे एक जाणकार गृहस्थ ती वाचीत आणि आम्ही शेजारी बसून उतरून घेत असू. थोरल्या आईचे माहेर याच तालुक्यातले. तिच्या माहेरगावचे १९३४ सालचे रजिस्टर उघडले तेव्हा मी त्यांना म्हटले, "जरा आषाढ महिना सावकाश वाचा." थोरली आई नेहमी सांगे, "माझा जलम बेंदराचा." आणि खरोखरच बेंदराच्या आसपासच्या तारखेस तिच्या वडिलांच्या नावापुढे एक नोंद निघाली. रकान्यात लिहिले होते, 'मुलगी'. बस्स. बारशाआधीच नोंद घातली जाई, त्यामुळे नाव नाही. ही झाली तिची सरकारदप्तरी पहिली नोंद.

दुसरी नोंद आमच्याच गावची. आजोबा १९८८ साली वारले. त्यानंतर वारस रजिस्टरास, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये, मुलांची नावे लागली आणि त्यांच्या खाली 'विधवा पत्नी' म्हणून तिचे नाव व डाव्या अंगठ्याचा ठसा. या दोन नोंदींच्या मध्ये चोपन्न वर्षे गेली. त्या चोपन्न वर्षांत तिने किती पायल्या दळल्या, किती घागरी वाहिल्या, किती लेकरे जन्माला घातली आणि त्यांतली किती जगली, याचा कागद कोठेही नाही. कचेरीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मी त्याच कचेरीचे मीठ खातो. कागद हा जमिनीसाठी असतो, माणसासाठी नसतो. आता शासनाने २०२४ पासून नियम केला आहे की, १ मे २०१४ रोजी अगर त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे व मग वडिलांचे नाव लागेल. चांगले झाले. थोरली आई असती तर म्हणाली असती, "आता गं बया, सरकारला आई आठवली!"

तर मग तिची नोंद आहे कोठे? माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. १९९६ साली दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरी बसलो होतो. वडील म्हणाले, "रिकामा हिंडू नको, काही तरी लिही, अक्षर तरी राहील." काय लिहावे? थोरल्या आईला म्हटले, तुझ्या ओव्या सांग. ती ओट्यावर बसली, पदर सावरला, डोके खाजविले आणि म्हणाली, "काय बी आठवंना बाबा." मला नवल वाटले, कारण तिच्या ओव्या ऐकत आम्ही सारी झोपेतून जागे होत असू. गावात पिठाची गिरणी कधीच आली होती, तरी हळद, भरडा, डाळ हे सारे घरच्या जात्यावरच होई, आणि गिरणी बंद पडली की बाजरीसुद्धा. आत्या माहेरी आली होती, ती हसली. म्हणाली, "आरं, तिला जात्यावर बसीव. ओवी डोक्यात नसती, ती खुट्याला असती."

आणि तसेच झाले. खुंटा हातात आला, समोर आत्या बसली, पहिली वैरण घातली (जात्याच्या तोंडात मूठभर दाणे सोडतात त्याला वैरण म्हणतात, हे नव्या मुलांसाठी सांगतो) आणि एकीमागून एक ओव्या निघू लागल्या. जाते थांबले की ओवीही थांबे. म्हणून रोज संध्याकाळी मूठ-मूठ बाजरी घालून, दळण नसतानाही आम्ही जाते फिरवीत असू. निकाल लागेपर्यंत वहीत एकशे सत्तेचाळीस ओव्या झाल्या.

या सर्व तिने स्वतः रचल्या असे मी म्हणणार नाही. पुष्कळशा साऱ्या मुलखात गायिल्या जाणाऱ्या आहेत; सानेगुरुजींनी बायकांकडून गोळा करून 'स्त्री जीवन' या पुस्तकात छापलेल्या ओव्या मी नंतर ग्रंथालयातून आणून ताडून पाहिल्या, तेव्हा काहींचे साम्य आढळले. ओवी एका गावातून दुसऱ्या गावात लेकीबरोबर जाते. लेक सासरी आली की तिच्याबरोबर माहेरची ओवी येते, आणि येथल्या नदीचे, देवाचे, भावाचे नाव घालून ती येथली होते. थोरल्या आईला विचारले, यातली तुझी कोणती आणि ऐकलेली कोणती? ती म्हणाली, "गळ्यात बसली ती माजी." या उत्तरापुढे मला तरी काही बोलता आले नाही. पण वहीतल्या तीसएक ओव्यांत आपल्या गावचीच नावे आहेत. शेतांची नावे आहेत, ओढ्याचे नाव आहे, चैत्रात शिखर शिंगणापूरला निघालेल्या कावडी आहेत, मुंगी घाट आहे. त्या तिच्याच, किंवा तिच्या जावा-शेजारणींच्या.

त्यांतील एक ओवी आजच्या प्रसंगाशी संबंधित आहे. ती अशी:

नऊ या पायऱ्यांची, माझ्या नाथाची चढण
कडंवर तान्हं बाळ, माघारी राह्यलं दळण

हे तान्हे बाळ म्हणजे माझे वडील. जन्म १९५५ चा. सव्वा महिन्याचे झाल्यावर त्यांना देवाच्या पायावर घालण्यासाठी ती आली, आणि घरी दळण अर्धे टाकून आली म्हणून सासू काय म्हणेल ही धास्ती पायरी-पायरीला वाढत गेली. हा झाला ओवीचा अर्थ. पण माझ्यासारख्या कारकुनाच्या डोळ्यांत भरला तो आकडा. नऊ पायऱ्या? माझ्या जन्मापासून मी देवळाला पाचच पायऱ्या पाहिल्या. माझ्या वयाच्या सर्वांनी पाचच पाहिल्या.

जीर्णोद्धाराचा आराखडा झाला तेव्हा, त्या पाच पायऱ्या काढून तेथे काँक्रीटचा उतार करावा असे ठरत होते. मी वही घेऊन समितीच्या बैठकीस गेलो. काही मंडळी हसली. एक जण म्हणाले, "ओवीतलं गणित काय खरं असतंय? बायका नवलाख बी म्हणत्यात." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, गाण्यात आकडा फुगतो. पण आपल्या गावातील एक वयोवृद्ध बाबा बैठकीत होते. ते म्हणाले, "एक दीस खणून तर बघा. खर्च किती, दोन गड्यांची हजेरी." दुसऱ्या दिवशी पाचव्या पायरीच्या पुढे खणावयास सुरुवात केली आणि दुपारपर्यंत खाली एकाखाली एक चार पायऱ्या निघाल्या. काळ्या दगडाच्या, मधोमध पावलांनी झिजलेल्या. आज आपण ज्या नऊ पायऱ्या चढून वर आलात त्या ह्या. वरच्या पाच आणि खालच्या चार यांच्या दगडाच्या रंगातला फरक अजून दिसतो. पुढे तो राहणार नाही.

त्या गाडल्या गेल्या कशा, हेही सांगितले पाहिजे. १९७२ चा दुष्काळ. आपल्या माणदेशाला दुष्काळ नवा नाही, पण त्या सालासारखा दुसरा नाही, असे जुनी माणसे म्हणतात. दुष्काळी कामे निघाली. त्यांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. तर त्या कामांत देवळापुढचा रस्ता धरला गेला. सखल होता, तो मुरूम टाकून उंच केला. मुरमाच्या पाट्या वाहिल्या आपल्याच बायकांनी. थोरली आई त्यांत होती, धाकटा चुलता वर्षा-दीड वर्षाचा, झाडाखाली झोळीत. ज्या पायऱ्या मोजीत ती बाळाला घेऊन चढली होती, त्याच पायऱ्यांवर तिने पोटासाठी पाटी-पाटी मुरूम ओतला. देवाच्या दारात हे करताना बायकांना काय वाटले असेल? मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "वाटायचं काय? हजरी लागत हुती."

परंतु त्या सालची एक ओवी वहीत आहे. परदेशातून आलेली लाल ज्वारी, जिला सर्व मिलो म्हणत, ती रेशनवर मिळे. कामावर सुकडी वाटीत. त्या मिलोची भाकरी तव्यावर फुगत नसे आणि गार झाली की कडक होई. ती ओवी अशी:

लाल मिलोची भाकर, बाळ हातात धरंना
सांगू कुणाला साजणी, दूध अंगाला उरंना

ही ओवी सांगताना तिने जाते थांबविले नाही. आवाजही बदलला नाही. आत्याने मात्र पदराने डोळे पुसले, कारण ती त्या वेळी जाणती होती.

आता कोणी म्हणेल, ओव्या म्हणजे बायकांचे रडगाणे. हे मला मान्य नाही. वहीत दुःखाच्या ओव्या आहेत, पण त्याहून अधिक कौतुकाच्या आहेत. भावाच्या बैलजोडीच्या, लेकाच्या पटक्याच्या, पावसाच्या. थट्टेच्याही आहेत. सासूच्या नथीवर तीन आहेत. तलाठ्यावरसुद्धा एक आहे. ती मी येथे म्हणणार नाही, कारण आपले भाऊसाहेब पहिल्या रांगेत बसले आहेत आणि मला सोमवारी त्यांच्याबरोबर काम करावयाचे आहे. (ती कोणास ऐकावयाची असेल त्याने नंतर भेटावे.)

आणि ओवी ही हलकी वस्तू नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असे त्यात सांगितले आहे. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ज्ञानेश्वरी ओवीत सांगितली, त्याच्याही आधी ती मुसळाच्या ठोक्यावर बायकांच्या तोंडी होती. आपल्या पंढरीच्या वारकऱ्यांना जनाबाई सांगावयास नकोच. तिच्याबरोबर देव दळावयास बसला, असे आपण मानतो. गोपाळपूरला तिचे जाते दाखवितात, तेथे जाऊन आपल्यापैकी अनेकांनी ते फिरविलेही असेल.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी, त्यामुळे आईची गाणी टिपून ठेवलेली होती. ती त्यांनी आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आज शाळेतल्या पोरालाही बहिणाबाई ठाऊक आहेत. सर्वच घरांत सोपानदेव नसतात. पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत खेड्यापाड्यांतून मोठे काम केले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांसह त्यांची नोंद ठेवली आहे, आणि त्यांतील पुष्कळ आता 'पारी' या संकेतस्थळावर मोबाइलवरही ऐकावयास मिळतात. गाणारणीचे नाव आणि गाव! माझ्या मते त्या कामातली ही सर्वांत मोठी गोष्ट. एरवी 'लोकगीत' म्हटले की बाईचे नाव पुसले जाते. लोक म्हणजे कोण? कोणी तरी एक बाई असतेच ना?

थोरली आई २०१२ साली गेली. दहाव्याला आत्या माहेरी होती. सर्व पाहुणे गेल्यावर ती सोप्यात जात्याजवळ बसली. दळण काही नव्हते. खुंटा धरून तिने एकच ओवी म्हटली, ती मी त्याच वहीच्या शेवटी लिहून ठेवली आहे. क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस.

आई माझी ग गेली, खुंटा जात्याचा झाला गार
एकल्या हाताला या, जड दगडाचा ह्यो भार

जाते एकटीलाही ओढता येते, पण खरे दळण दोघींचे. समोरासमोर दोघी बसतात, एक हात हिचा, एक तिचा. आई-लेक, नणंद-भावजय, कधी कधी एकमेकींशी न बोलणाऱ्या जावासुद्धा. बोलत नसल्या तरी ओवीला ओवी द्यावी लागे.

आता कामाचे बोलतो. आज आपल्या गावात जात्यावर बसलेल्या आणि ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या किती उरल्या, याची मी घरोघर जाऊन मोजदाद केली. सतरा. त्यांतील दोघींना ऐकू येत नाही, एक अंथरुणाला खिळून आहे. माझ्या वहीत आमच्या एका घराचे आहे. परंतु देवळापलीकडची जी बारव बुजली, तिचे पाणी कोणत्या अंगाने भरीत, दीपमाळेचा वरचा भाग कोणत्या सालच्या वादळात पडला, जत्रेला पूर्वी कोणत्या गावची पालखी येई, याचे उत्तर आपल्या समितीला कोठल्याही कागदात मिळालेले नाही. मी रेकॉर्ड पाहिले आहे, म्हणून खात्रीने सांगतो. ते या सतरा जणींपैकी कोणाच्या तरी खुंट्याला असेल, किंवा नसेलही. विचारावे तर लागेल.

समितीपुढे मी दोन गोष्टी मांडल्या आणि दोन्ही मान्य झाल्या, याबद्दल मी आभारी आहे. पहिली ही की, देणगीदारांच्या दगडी पाटीवर जेथे जेथे 'मातोश्री' आहे तेथे त्यांचे स्वतःचे नाव कोरले जाईल. ज्यांना आजीचे नाव अजून मिळाले नसेल त्यांनी ते शोधून मला कळवावे. पाथरवट अमावास्येपर्यंत गावात आहे.

दुसरी गोष्ट जात्याची. देवळाच्या जुन्या कोठीत, राडारोड्यात, प्रसादाचे दळण करावयाचे मोठे जाते सापडले. ठेकेदार ते भरावात घालणार होता. ते आता सभामंडपाच्या उगवतीच्या कोपऱ्यात बसविले आहे. वरची तळी थोडी उडाली आहे, पण फिरते. पाथरवटाने टाकी लावून दिली, त्याची मजुरी घेतली नाही. खुंटा नवा, बाभळीचा बसविला आहे. पुढच्या सोमवारपासून, संध्याकाळची आरती झाली की, तेथे जाते चालेल. ज्यांच्या घरी ओव्या येणाऱ्या आजी असतील त्यांनी त्यांना हात धरून आणावे; पायऱ्या नऊ आहेत, तेव्हा दोन पोरे सोबत असू द्यावीत. अंथरुणावरच्या आजींकडे आम्ही घरी जाऊ. माझ्या दोन पुतण्या मोबाइलवर आवाज धरतील आणि मी वहीत लिहीन. प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचे नाव, माहेरचे गाव आणि सासरचे गाव लिहिले जाईल. जी ओवी कोणाला छापू नये असे वाटेल ती छापली जाणार नाही.

येताना प्रत्येकाने मूठभर बाजरी आणावी, जाते रिकामे फिरविता येत नाही.

वेळ फार घेतला. अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. 

नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!